भागोजी अस्वलाचं हमीचं छप्पर

मुलांनो, एका जंगलात झाडं इतकी दाट होती, की घराची गरज कुणालाच नव्हती. तरी शेजाऱ्याने बांधलं म्हणून प्रत्येकाने बांधलं. भागोजी अस्वलाला तर आजोबांचं घर आयतंच मिळालं होतं. कौलारू, ऐसपैस आणि चार ठिकाणी गळणारं.

"आजोबांच्या वेळी थेंब पडत नव्हता," भागोजी म्हणायचा. "कौलांत आता पूर्वीचा दम राहिला नाही."

"कौलं तीच आहेत," त्याची बायको भिवरा म्हणायची. "आजोबा दर वैशाखात वर चढायचे. फुटकी काढायचे, सरकलेली बसवायचे. तुम्ही कधी चढलात?"

"माझे गुडघे दुखतात."

"मग मधाच्या पोळ्यासाठी झाडावर चढता, तेव्हा ते कुठे ठेवून जाता?"

भागोजी गुडघा चोळत आत निघून गेला. हसू नका. तुमच्या या गोष्टीवाल्यालाही शिडी दिसली की कंबर आठवते.

त्या वर्षी मात्र पंचाईत झाली. लेक येसू पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती, तीही ऐन पावसात. बाळ-बाळंतिणीला एक तरी कोरडा कोपरा हवा. भागोजीचा लेकीवर फार जीव. त्याची झोप उडाली. त्याने पुष्कळ विचार केला आणि वर चढणं सोडून बाकी सगळं करायचं ठरवलं.

त्याने फुलाजी वानराला बोलावलं. फुलाजी छपरांची कामं घ्यायचा. सगळं तारुण्य त्याने लोकांच्या कौलांवर उड्या मारण्यात घालवलं होतं, त्यामुळे या धंद्यातला त्याचा अनुभव दांडगा होता.

"पत्रा घाला, भागोजीराव," फुलाजी म्हणाला. "निळा. वीस वर्षांची हमी."

"मला वर चढावं लागेल?"

"छे! उलट चढायचंच नाही. आमच्याशिवाय कुणी हात लावला, तर हमी रद्द."

भागोजीचे डोळे पाणावले. असं छप्पर तो जन्मभर शोधत होता.

कौलं उतरली, पत्रा चढला. उतरलेली कौलं भिवराने उचलली. पदर खोचून ती मागच्या पडवीवर चढली आणि एकेक कौल नीट बसवून आली.

"बायकांना जुन्याचा मोह सुटत नाही," भागोजी खालून म्हणाला.

येसू आली. पाठोपाठ पाऊस आला आणि पत्रा गळू लागला. पूर्वी चार ठिकाणी गळायचं, आता जिथे स्क्रू तिथे थेंब. फुलाजीला निरोप गेला. तो दुसऱ्या जंगलात हमी द्यायला गेला होता.

येसूच्या अंथरुणावर पाणी पडलं, तेव्हा मात्र भागोजीला राहवेना. गुडघे विसरून तो सरसर वर चढला. बघतो तर काय, पत्र्याच्या उंचवट्यावर मारायचे स्क्रू फुलाजीने पन्हळीच्या खोलात मारले होते. नेमकं जिथून पाणी वाहतं तिथे!

भागोजीला हसू फुटलं. अस्वलाच्या घरी मेणाला काय तोटा? तो मेण घेऊन पुन्हा वर गेला. पहिल्या स्क्रूवर गोळा दाबणार, तोच त्याला आठवलं. हात लावला तर हमी रद्द.

तो हळूच खाली उतरला.

भिवराने येसूला पडवीत हलवलं. तिथेच, ठणठणीत कोरड्या जमिनीवर, येसूला मुलगी झाली.

"बाबा, इकडे या ना झोपायला," येसूने हाक मारली. "नातीला बघा तरी."

भागोजीचा जीव नातीकडे ओढ घेत होता. पण डोक्यावर घमेलं धरून तो माजघरात तसाच बसून राहिला.

"आलो असतो गं," तो म्हणाला. "पण मी कोरडा झालो, तर फुलाजी आल्यावर त्याला दाखवू काय?"

तात्पर्य : आपलं छप्पर आपण कधीही दुरुस्त करू नये. ते पुन्हा गळलं, तर बोल लावायला दुसरं कुणी उरत नाही. परक्याच्या हमीखाली भिजणारा मात्र शेवटपर्यंत निर्दोष राहतो.