न उगवलेल्या नवमीचा लेखी सवाल

श्री. पुसणारास नमन, सांगणारास नमन, आणि पुसलेले व सांगितलेले यांच्यामध्ये जी अरुंद फट राहते, जीतून खरे ते हळूच निसटोन जाते, तिलाही नमन. सभाशक एकाहत्तर, विलंबी नाम संवत्सरी, वैशाखमासी व त्यापुढे जे वर्तले ते येथे लिहिले आहे. राज्याचे नाव लिहिले नाही. वाचणारास ते आपलेच वाटले तर वाटो.

त्या राज्याची रीत ऐसी होती की, रयतेने सभासद निवडून सभेस धाडावे, आणि सभासदांनी राज्याच्या नाना महालांस, म्हणजे खात्यांस, लेखी सवाल करावे, आणि महालांनी एकवीस दिवसांत लेखी जबाब द्यावा, आणि जबाबात खोटे लिहिल्यास सभेचा अवमान व्हावा. सबब खोटे कोणी लिहीत नसे. मग लिहीत काय? तर सवालाचे शेपूट पुरातन काळापासून एकच ठरलेले होते, "हे खरे आहे काय? असल्यास, कोणती कारवाई केली? नसल्यास, विलंबाची कारणे काय?" आणि जबाबही ठरलेले होते: "होय", "हे खरे नाही", "अंशतः खरे आहे", आणि सर्वांत देखणा तो चौथा, "प्रश्न उद्भवत नाही." या चार जबाबांवर एकाहत्तर वर्षे राज्य सुखरूप चालले होते आणि दफ्तरखान्यात गठ्ठ्यांवर गठ्ठे चढले होते आणि सभासद म्हणत आम्ही पुसले, आणि महाल म्हणत आम्ही सांगितले, आणि उभयतांस जेवण गोड लागत असे.

त्या समयी करंजवाडी गावी सगुणाबाई म्हणोन एक बाई राहत होती. विद्यापीठाची पदवी घेतलेली, अक्षर वळणदार, आणि पदरी तीन महिन्यांची मैना नामे कन्या. मूल जाहल्यापासून बाईंचा डोळा ऐसा झाला होता की, पाळण्याच्या दोरीचा एक धागा उसवला तरी दिसावा. वैशाख शुद्ध पंचमीस मैनेस लस टोचवावी म्हणोन बाई आरोग्यठाण्यात गेल्या. तेथे लशी गार ठेवावयास शीतपेटी होती. टोचणाऱ्या गोदूबाईंनी पेटीतून कुपी काढली, आणि बाईंनी पाहिले तो कुपीच्या काचेवर बाष्पाचा ठिपूस नाही. वैशाखात गार वस्तू बाहेर आली की तिला घाम फुटावा, हिला काहीच नाही. बाई म्हणाल्या, "गोदूबाई, ही गार वाटत नाही हो." गोदूबाई म्हणाल्या, "पेटी चालू आहे की! ऐका, घरघर ऐकू येते ना?" घरघर ऐकू येत होती. मग मैनेच्या मांडीत सुई गेली, आणि मैना रडली, आणि बाई घरी आल्या. परंतु मन जागेवर येईना.

यजमान दिनकरराव म्हणाले, "अगं, दूध उतू गेले तरी तुला राज्य बुडाल्यासारखे वाटते." बाई म्हणाल्या, "दूध उतू जाते ते दिसते तरी. लस बिघडली तर काय दिसणार? साथ येईल तेव्हाच दिसेल ना?" दिनकरराव वर्तमानपत्रात तोंड घालून बसले. मग दुसरे दिवशी बाई मैनेचे टोपडे राहिले असे निमित्त करून पुन्हा ठाण्यात गेल्या, आणि कोणी पाहत नाही ऐसे साधून शीतपेटीच्या आत हात घातला. पेटी घरघरत होती आणि आतून उबदार होती. मांजर मांडीवर घेतले की लागते तशी.

ठाण्याच्या कारभाऱ्यास विचारता तो म्हणाला, "वर कळवले आहे." वर म्हणजे कोठे, ते त्यासही ठाऊक नव्हते. मग बाई मैनेस काखेस घेऊन सभासद हैबतराव यांच्या दारी गेल्या. हैबतराव वृद्ध, सज्जन, बत्तीस वर्षे सभेत बसलेले, आणि पाऊणशे लेखी सवालांचे धनी. त्यांनी सर्व ऐकिले, आणि मैनेच्या हाती आपली काठी खेळावयास दिली, आणि जुन्या वळणाने सवाल लिहविला: "करंजवाडी आरोग्यठाण्यातील शीतपेटी वैशाखमासी बंद होती, हे खरे आहे काय? असल्यास, कोणती कारवाई केली? नसल्यास, विलंबाची कारणे काय?" आणि म्हणाले, "मुली, आता निश्चिंत राहा. बाण सुटला."

बाण आरोग्यमहालात जाऊन पडला तो उत्तरनवीस त्रिंबकपंत यांच्या मेजावर. उत्तरनवीस म्हणजे महालाचे जबाब लिहिणारा. पंतांची कीर्ती ऐसी की, सत्तावीस वर्षांत त्यांनी एक खोटे अक्षर लिहिले नाही आणि एक खरी गोष्ट कोणास कळू दिली नाही. पंतांनी ठाण्यास विचारले, पेटी बंद होती काय? ठाण्याने कळविले, पेटी चालू होती. पंतांनी टाक बुडविला आणि लिहिले: "एक, हे खरे नाही. दोन व तीन, प्रश्न उद्भवत नाही." खाली महालाच्या प्रधानजींची सही जाहली.

जबाबाची नक्कल बाईंच्या हाती आली. त्यांनी ती एकदा वाचली, दोनदा वाचली, आणि चुलीवरची आमटी आटून करपली तरी त्या उभ्याच. तीन आठवडे ज्याने डोळ्याला डोळा लागू दिला नाही, तो प्रश्न उद्भवतच नाही म्हणतात. मग मैना कशी उद्भवली, आणि तिच्या मांडीतली सुई कशी उद्भवली? ऐसे मनात येऊन त्यांस हसू आले आणि मग रडू आले, आणि मग डोळे पुसोन त्या हैबतरावांकडे गेल्या.

हैबतराव म्हणाले, "खोटे लिहितात चोर! अवमानाचा ठराव मांडतो." बाई म्हणाल्या, "काकासाहेब, खोटे लिहिले असते तर बरे होते. हे खरे आहे. पेटी बंद नव्हतीच. ती चालू होती आणि गार नव्हती. आपण 'बंद' हा शब्द घातला तिथेच चुकलो. त्यांनी आपल्याच शब्दाला कडी लावली आणि आत बसले." हैबतराव म्हणाले, "बत्तीस वर्षे मी 'हे खरे आहे काय' पुसतो आहे. आता वाटते, मी मनातले सांगत होतो, आणि ते फक्त मान हलवत होते." बाई म्हणाल्या, "मैना तापली की मी तिला विचारते का, बाई तुला ताप आहे हे खरे आहे काय? मी काखेत तापमापी लावते. किती आहे ते पाहते. पेटीलाही तापमापी असते, काकासाहेब. सकाळ-संध्याकाळ पाहून वहीत लिहावे लागते. आपण वहीच मागू."

मग सवाल लिहिला: "वैशाख शुद्ध पक्षी करंजवाडीच्या शीतपेटीचे माप तिथीवार किती अंश होते, त्याच्या वहीची नक्कल सभेपुढे ठेवावी." तो घेऊन हैबतराव सभेच्या चिटणिसाकडे गेले. चिटणिसाने कागद उलटून पाहिला, सुलटून पाहिला, आणि म्हणाला, "यास शेपूट नाही." हैबतराव म्हणाले, "पुसले आहे ते कळते ना?" चिटणीस म्हणाला, "कळते, पण शेपूट नाही. कळते म्हणोन सवाल होत नाही, रावसाहेब." मग हैबतरावांस बत्तीस वर्षांची विद्या एकदाची कामास आली. त्यांनी तेथेच उभ्याने लिहिले: "शीतपेटीच्या मापाची वही ठेवली जाते, हे खरे आहे काय? असल्यास, वैशाख शुद्ध पक्षाची नक्कल सभेपुढे ठेवली जाईल काय?" चिटणीस प्रसन्न जाहला आणि शिक्का उमटविला. त्रिंबकपंतांपुढे तो आला तेव्हा पंतांनी ओळखले की हा नित्याचा हात नव्हे. वही ठेवली जात नाही म्हणावे तर महालाची अब्रू जाते. सबब लिहिले, "होय, हे खरे आहे. नक्कल सोबत."

नक्कल आली. पंधरा तिथी, सकाळ-संध्याकाळ मिळोन तीस मापे, आणि तीसही जागी चार अंश. प्रतिपदेस चार, पौर्णिमेस चार, मधल्या कडकडीत उन्हात चार. हैबतराव कागद ठेवून म्हणाले, "संपले, मुली. पेटी देवासारखी निर्दोष." मैनेस मांडीवर थोपटत बाई एकेक ओळ बोटाने वाचू लागल्या, आणि बोट अष्टमीवरून नवमीवर आले आणि तेथे थांबले.

"काकासाहेब, वैशाख शुद्ध नवमीस काय वार होता?"

"असेल कोणता तरी. का?"

"पंचांग काढा बरे."

हैबतरावांनी खुंटीवरचे पंचांग काढिले आणि चष्मा पुसला आणि पान उलटले. अष्टमी बुधवार, दशमी गुरुवार. नवमीचा क्षय होता. बुधवारी सूर्य उगवला तेव्हा अष्टमी होती, गुरुवारी उगवला तेव्हा दशमी लागली होती, आणि मधल्या मध्ये नवमी आली आणि सरली, तिच्या वाट्यास एक सकाळही आली नाही. दैनंदिन वहीत तिची ओळच असू नये. आणि त्या नवमीच्या सकाळी व त्या नवमीच्या संध्याकाळी, करंजवाडीच्या ठाण्यात, शीतपेटीचे माप चार अंश! कोणीतरी एका बैठकीत, पंचांगाकडे न पाहता, प्रतिपदेपासून पौर्णिमेपर्यंत बोटे मोडून वही भरली होती. हैबतराव इतके हसले की त्यांस ठसका लागला, आणि मैना दचकोन रडू लागली, आणि बाई मात्र हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "म्हणजे पेटीकडे कोणी पाहतच नव्हते."

तिसरा सवाल एका ओळीचा होता, आणि शेपटासह होता: "वैशाख शुद्ध नवमीस सकाळी व संध्याकाळी शीतपेटीचे माप घेतले, हे खरे आहे काय?"

त्रिंबकपंतांनी पंचांग पाहिले आणि टाक खाली ठेविला. होय लिहावे तर सभा हसेल. खरे नाही लिहावे तर आपणच ठेवलेली नक्कल खोटी ठरते. अंशतः खरे लिहावे तर नवमीचा कोणता अंश उगवला, असा उपप्रश्न येतो. आणि प्रश्न उद्भवत नाही असे लिहावे, तर या वेळी तिथीच उद्भवली नव्हती. सत्तावीस वर्षांत प्रथमच पंतांस जबाब सुचेना. मग पंतांनी जे कधी केले नव्हते ते केले. गाडी जोडविली आणि करंजवाडीस गेले, आणि ज्या वस्तूविषयी दोनदा लिहिले होते, ती प्रथम डोळ्यांनी पाहिली, आणि आत हात घातला. पेटी वैशाखातच दुरुस्त जाहली होती, आता गार होती. परंतु गोदूबाई दाराशी उभ्या होत्या.

"पंत, वही मीच भरली. तीन अर्ज दिले, पेटी गार होत नाही म्हणोन. जबाब आला नाही. मग हुकूम आला, वही कोरी दिसता कामा नये. मी काय करू? लेकरे दारात, आया रांगेत. परत कशी पाठवू? तृतीयेपासून चतुर्दशीपर्यंत पेटी ऊन होती. अकरा दिवस. मला कोणी हे विचारलेच नाही."

पंत म्हणाले, "मीही नाही विचारले. मी पेटी बंद होती काय एवढेच पुसले." आणि टोचलेल्या मुलांची यादी मागोन घेतली, आणि परत जाऊन जबाब लिहिला. तो ऐसा: "हे खरे नाही. त्या पक्षी नवमी नव्हती आणि माप घेतले नव्हते. शीतपेटी चालू होती परंतु अकरा दिवस गार नव्हती. या दिवसांत टोचलेल्या त्रेसष्ट बालकांस पुन्हा लस द्यावी लागेल. लस टोचणारीने तीन वेळा कळविले होते. महालाने ऐकिले नाही." प्रधानजी म्हणाले, "पंत, इतके पुसले कोठे आहे?" पंत म्हणाले, "पुसले नाही, म्हणोनच इतके दिवस गेले." प्रधानजींनी कपाळास आठ्या घातल्या, आणि सही केली, कारण दुसरा जबाब कोणासही सुचला नव्हता. गोदूबाईंची नोकरी राहिली. महालानेही आपल्या परीने धडा घेतला, आणि पुढील वर्षाच्या वह्यांत क्षय तिथी आधीच खोडून छापविल्या.

मग आषाढात त्रेसष्ट मुलांस बोलावणे गेले. ठाण्यासमोर रांग लागली आणि आया चिडल्या. एक म्हणाली, "एकदा टोचले ते काय कमी होते? कुणा शहाणीने हे उकरून काढले?" दुसरी म्हणाली, "शिकलेली असणार मेली." सगुणाबाई त्यांच्यामागेच उभ्या होत्या. त्यांनी मैनेचे टोपडे सारखे केले. पाळी आली, आणि मैना पहिल्या वेळेहून मोठ्याने रडली, आणि बाईंनी तिला छातीशी धरले आणि मनात म्हणाल्या, रड बाई, आता रडण्यात अर्थ आहे. आणि दोन महिन्यांत प्रथमच त्यांचे खांदे खाली आले.

परंतु निघताना त्यांनी गोदूबाईंस विचारले, "आज किती आली?" गोदूबाई म्हणाल्या, "अठ्ठावन्न." बाईंनी मैनेस या काखेतून त्या काखेत घेतले आणि म्हणाल्या, "उरलेली पाच कुठे राहतात?" गोदूबाईंनी यादी काढून बोट ठेविले. दोघे विटांच्या भट्टीवर, एक ओढ्यापलीकडे, दोन कोठे ते ठाऊक नाही. बाईंनी पदर खोचला आणि आधी भट्टीची वाट धरली.

येणेप्रमाणे तीन लेखी सवालांची हकीकत जाहली. सवाल एका शब्दाने चुकला तर राज्य त्या शब्दाआड बसते, आणि नेमका झाला तर उत्तरनवीसासही गाडी जोडावी लागते, इतके यातून कळो आले. भट्टीवरची दोन्ही मुले त्याच दिवशी सापडली, ओढ्यापलीकडचे दुसरे दिवशी. उरलेल्या दोघांचा शोध हे लिहीतोपर्यंत चालू आहे. त्यांविषयी सवाल उद्भवतो.