भगवंतरावांची मिशी आणि विलायती बी

वऱ्हाड मुंबई राज्यात गेलं, त्याच्या पुढच्याच कार्तिकात अमरावतीच्या एका कचेरीत पुण्याकडचे साहेब आले. साहेबांना फुलांचा भारी शौक. "पिटुनिया बियांपासून उगवणं सोपं नाही बरं," ते सहज म्हणाले, आणि भगवंतराव कारकून तितक्याच सहज म्हणाले, "मी उगवून दाखवतो." (घरच्या तुळशीला पाणी कोण घालतं, हेही त्यांना ठाऊक नव्हतं.)

शेजारी राहणारे आणि शेजारच्याच टेबलावर बसणारे खुशालराव फिसकन हसले. तसा भगवंतरावांना चेव चढला. "माघी पुनवेपावतर माह्या घरी एक तरी फूल नाई दिसलं, त मिशी उतरवतो!"

संध्याकाळी घरी हे ऐकून त्यांच्या बायकोच्या, मनकर्णाबाईंच्या, हातातलं लाटणं थांबलं.

"अवो, मामाजी-सासूबाई धामणगावले धडधाकट हायेत. अन् तुमी मिशी काढता? लोक दुखवट्याले येतीन ना दारी!"

"काहून भेतं वं? साहेबाच्या बंगल्यातलं बी हाय."

बी कसलं, काळपट भुकटीच ती! एवढीशी पुडी. पेरायचं बियाणं आधी देवापुढं ठेवायचं, ही मनकर्णाबाईंच्या माहेरची रीत. त्यांनी पुडी देव्हाऱ्यात ठेवली आणि अंबादेवीला मंगळवार बोलल्या. देव्हाऱ्यात खुशालरावांच्या वच्छलाबाईंनी कौंडण्यपुराहून आणलेली बुक्क्याची पुडीही होतीच.

सकाळी मनकर्णाबाईंनी नमस्कार करून एक पुडी नवऱ्याच्या हाती दिली. (पहाटेच्या कार्तिकस्नानानं नाक असं चोंदलं होतं, की फोडणी करपली तरी डोळ्यांनाच कळायची.) भगवंतरावांनी ती कुंड्यांत पेरली, पाणी शिंपडलं आणि ओरडले, "आयकलं का? उगवाच्या पैलेच वास सुटला! विलायती ते विलायती!"

त्या दिवसापासून दुसऱ्या पुडीतला 'बुक्का' रोज गंधावर लागू लागला. भगवंतरावांना, दारावरून जाणाऱ्या खुशालरावांनाही.

"वैनी, बुक्क्याले वास कसा नाई?"

"भाऊजी, वास भक्तीले येते," मनकर्णाबाई नाक ओढत म्हणाल्या.

संध्याकाळी कचेरीतून आले, की भगवंतराव परसातल्या मोरीवर खसाखसा तोंड धुवायचे. कुंड्या मात्र ढिम्म. पौष गेला, माघ आला. मनकर्णाबाईंनी मंगळवारी मीठही सोडलं. कुंड्यांपुढं उदबत्ती लावली. भगवंतराव आरशापुढं जरा जास्त वेळ उभे राहू लागले.

माघी पुनवेला खुशालराव आले ते नत्थुजी न्हाव्याला घेऊनच.

"चाला भगवंतराव, मोरीवर बसा. उजेड हाय तिथं."

भगवंतराव फाशीला निघाल्यासारखे मोरीवर बसले. मनकर्णाबाईंनी डोळे मिटले आणि ओटी भरीन, साडी नेसवीन, असं देवीला मनातल्या मनात भरभर सांगू लागल्या. नत्थुजीनं वस्तरा परजला. पाण्याची वाटी ठेवायला तो अळूच्या पानांमागं वाकला, आणि तिथंच थांबला.

"पाय सरका मालक. इथं फुलं हायेत, तुडवान तुमी."

अळूच्या पलीकडं, मोरीच्या पाण्याच्या ओलीवर, जांभळी-गुलाबी फुलं भोंग्यासारखी तोंडं वासून हसत होती!

मनकर्णाबाई धावत देव्हाऱ्याशी गेल्या. पुडीचा वास घेतला, काहीच नाही. कुंडीतली माती हुंगली, तर साक्षात कौंडण्यपूर!

"अगं बाई! बी मी तुमच्या कपाळाले लावलं वो! तुमी थे मोरीत धुतलं!"

खुशालराव आपलं कपाळ चोळत राहिले. "तरीच! आमच्या मोरीपाशीबी काईतरी आलं होतं. मी कचरा समजून उपटलं ना!"

मिशी वाचली. मनकर्णाबाईंनी देवीला साडी नेसवली. भगवंतरावांनी मात्र फुलं नेऊन साहेबांपुढं ठेवली आणि कपाळाचं नावही न काढता बागकामावर असं भाषण ठोकलं, की साहेब खूश झाले. "असा माणूस फायलींत कशाला कुजवायचा? आजपासून कचेरीचे सगळे वाफे तुमचे!"

त्यानंतर रोज सकाळी मनकर्णाबाई देवीला जाताना कचेरीच्या कुंपणातून मिशी डोळे भरून बघायच्या. मिशी झोकातच होती. पण तिला पीळ द्यायला हात रिकामा कुठं होता? दोन्ही हातांत झाऱ्या होत्या.