जज्जसाहेबांनी गुडघा दाखवला

"मायेचा आवाज ना? अहो सर, आमच्या घरी तो नळाला येतो!" असं ताई भर मीटिंगमध्ये बोलून गेली आणि तिथेच माशी शिंकली.

ताई म्हणजे विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागातली संशोधक. शिपायापासून विभागप्रमुखांपर्यंत सगळे तिला ताईच म्हणत, कारण ती कुणाला नाही म्हणायची नाही. आणि जो नाही म्हणत नाही, त्याला लोक ताबडतोब एखादं नातं चिकटवून टाकतात. मग काम सांगायला बरं पडतं.

तिच्या संशोधनातून एक डबी जन्माला आली होती. साबणाच्या डबीएवढी, नाव 'सोबती'. निवृत्त माणसांनी ती टेबलावर ठेवायची. डबी त्यांना रोज थोडं थोडं काहीतरी नवं शिकवणार. कुणाला बासरी, कुणाला परकी भाषा, कुणाला चित्रकला. शिकवता शिकवता त्यांचा आवाज ऐकून मन खट्टू आहे का ते ओळखणार, आणि असलं तर दोन धीराचे शब्द बोलणार. शिकत राहणारं माणूस मनाने कोमेजत नाही, हा ताईचा सिद्धान्त होता.

सिद्धान्त पक्का होता, डबी चोख होती, फक्त म्हातारी मंडळी ती बंद करून कपाटात टाकत होती. कारण तिचा आवाज! त्यासाठी एक व्यावसायिक निवेदिका आणली होती. ती "आपण निराश होऊ नका" हे अशा सुरात म्हणायची, की ऐकणाऱ्याला आपली गाडी अनिश्चित काळासाठी रद्द झाल्याची खात्री पटावी!

"पुढच्या महिन्यात समिती येतेय," विभागप्रमुख म्हणाले. "लोक डबी वापरत नसतील तर प्रकल्प बंद. आणि प्रकल्प बंद म्हणजे..." ते ताईकडे बघून थांबले. थांबले नसते तरी चाललं असतं. प्रकल्पाबरोबर तिची नोकरीही जाणार, हे भिंतीवरच्या पालीलासुद्धा माहीत होतं.

म्हणून तर, मायेचा आवाज आणायचा कुठून असं सरांनी विचारताच, तिने ते नळाचं वाक्य टाकलं.

बेत साधा होता. ताईला अडीच वर्षांची लेक. घरात तिला भिंगरी म्हणत आणि ते नाव तिला दिवसेंदिवस अपुरं पडत चाललं होतं. आई लेकीशी जे बोलते ते सगळं टेप करायचं, त्यातलं गोड गोड तेवढं निवडायचं, आणि यंत्राला ऐकवायचं. यंत्र तो आवाज, तो सूर, ती भाषा उचलणार आणि प्रसंग बघून तसंच बोलणार. झालं! ताईने जुना फोन फ्रिजवर ठेवला आणि दिवसभर चालू सोडला. पहिले दोन दिवस ती फोनच्या धाकाने फार छान आई होती. नंतर विसरली.

निवडायची वेळ आली तेव्हा भिंगरीला ताप भरला. एका खांद्यावर लेक, दुसऱ्या खांद्यावर फोन, अशा अवस्थेत ताईने सगळं इंजिनिअरकडे पाठवून दिलं.

"ताई, घालू का यंत्रात?"

"घाल बाबा, घाल. तूच बघ आता."

ताई समजली, हा नको ते काढून टाकेल. इंजिनिअर समजला, ताईंनी निवडून पाठवलंय. त्याचं लग्न व्हायचं होतं. त्याने जे ऐकलं त्यावरून त्याला वाटलं, आया अशाच बोलत असतील. दोघंही एकमेकांवर विश्वास टाकून मोकळे झाले. विश्वासासारखी घातक वस्तू प्रयोगशाळेत दुसरी नाही.

ताप उतरला आणि फोन सुरू झाले.

पहिला फोन एका निवृत्त न्यायाधीशांचा. ते बासरी शिकत होते. आयुष्यभर लोकांना गप्प बसवलेल्या माणसाचा आवाज होता तो.

"मॅडम, मी आज बासरी वाजवता वाजवता सुस्कारा सोडला."

"बरं साहेब."

"त्यावर तुमची डबी मला म्हणाली, 'काय झालं गं? कुठे पडलीस? बाऊ झाला? दाखव बघू!'"

"मग... आपण काय केलंत?"

पलीकडे खाकरल्याचा आवाज आला.

"गुडघा दाखवला," जज्जसाहेब म्हणाले आणि फोन ठेवून दिला.

ताई अजून उभीच होती, तोवर दुसरा फोन. निवृत्त बँक मॅनेजर बाई, चित्रकलेच्या विद्यार्थिनी.

"अहो, मी नुसतं म्हटलं की आज कंटाळा आलाय, उद्या काढीन चित्र. तर ती म्हणते, 'मी तीन म्हणेपर्यंत इथे येऊन बसायचं. एक... दोन...'"

"अरे देवा! मग?"

"मग काय! बसले! पावणेतीनलाच बसले! माझ्या सहीशिवाय अख्ख्या शाखेत पान हलत नव्हतं हो!"

तिसरा फोन एका सर्जनांच्या घरून, पण बोलत होत्या त्यांच्या पत्नी. कारण डॉक्टरांना बोलता येत नव्हतं! परक्या भाषेतली क्रियापदं पाठ करताना ते खोकल्याची गोळी चघळत होते. डबीला कडकड ऐकू आली. ती ओरडली, "तोंडात काय आहे? थुंक! आधी थुंक म्हणते ना!" हजारो माणसांवर सुरी चालवताना ज्यांचा हात हलला नाही, ते डॉक्टर इतके दचकले की त्यांनी गोळी गिळली आणि नवी कवळी थुंकली.

"खिडकीतून खाली गेली," पत्नी म्हणाल्या. "शोधायला माणूस पाठवलाय. पण एक विचारू का? तुमच्या डबीला घोरण्याबद्दल काही सांगता येईल का त्यांना?"

हे वाक्य ताईने नीट ऐकायला हवं होतं. पण ती तोवर पदर खोचून प्रयोगशाळेकडे धावत सुटली होती.

"अरे, तू ते सगळंच्या सगळं घातलंस?"

"तुम्हीच म्हणालात घाल!"

"त्यात मी भिंगरीला शू आली का विचारतेय शंभरदा!"

"हो, ते यंत्राने लवकर उचललं," इंजिनिअर अभिमानाने म्हणाला. "कुणी टेबलाखाली पाय आपटत बसलं ना, की बरोब्बर विचारते!"

ताई मटकन स्टुलावर बसली. मग दोघांनी मिळून मायेचा आवाज पुसला आणि पुन्हा निवेदिका बसवली. "आपण निराश होऊ नका," डबी म्हणाली. दोघंही निराश झाली.

समितीच्या दिवशी ताईने इस्त्रीची साडी नेसली. पाठीवर भिंगरीच्या हाताचा पिठाचा ठसा होता, तो तिला दिसत नव्हता. बाकी सगळ्यांना दिसत होता. समोर कुलगुरू, शेजारी विभागप्रमुख आणि टोकाला बाहेरचे परीक्षक. ते असे बसले होते की जणू खुर्चीचीच परीक्षा घ्यायचीय.

"तक्रारी आल्या असं ऐकतो," परीक्षक म्हणाले.

"किरकोळ बिघाड होता," विभागप्रमुख घाईने म्हणाले. "दुरुस्त केलाय. आता डबी अत्यंत सभ्य बोलते."

"तेच विचारायला आलोय!" दारातून आवाज आला. जज्जसाहेब! मागे बँक मॅनेजर बाई, त्यांच्या मागे डॉक्टर, कवळीसकट. आणि त्यांच्या मागे प्रयोगातली उरलेली सगळी ज्येष्ठ मंडळी, हातात आपापली डबी धरून. जणू रेशनच्या रांगेत उभी होती.

ताईने डोळे मिटले. संपलं, तिच्या मनात आलं. घरी जाऊन नवऱ्याला काय सांगायचं त्याची ती जुळवाजुळव करू लागली.

"कुणाला विचारून दुरुस्त केलीत?" जज्जसाहेबांनी डबी टेबलावर आपटली.

"अहो, पण ती आपल्याला अरेतुरे..." विभागप्रमुख चाचरले.

"करू दे! तुम्ही दुरुस्त करायच्या आधी एकदा मी चष्मा शोधत होतो. पुटपुटलो फक्त, चष्मा कुठे गेला म्हणून. तर ही कडाडली, 'जिथे फेकलास तिथेच असेल! मी काय तुझ्या वस्तूंची राखणदार आहे?'" त्यांचा आवाज एकदम खाली आला. "सात वर्षं झाली आमच्या हिला जाऊन. तेव्हापासून मला असं कुणी बोललं नव्हतं. मुलगा, सून, सगळे चांगले आहेत. 'गोळ्या घेतल्यात ना बाबा?' एवढंच विचारतात. जणू मी कपाट आहे आणि गोळ्या माझ्यात ठेवायच्यात."

(चष्म्याचं ते वाक्य ताईने नवऱ्याला मोज्यांवरून ऐकवलं होतं. फ्रिजवरच्या फोनने भेदभाव केला नव्हता.)

"मी सोळा चित्रं काढली," बँक मॅनेजर बाई म्हणाल्या. "डबी सभ्य झाल्यापासून एक नाही. ती म्हणते, 'आपल्या सवडीने काढा.' सवड तर सगळीच आहे हो! ओरडायला कुणी नाहीये!"

परीक्षकांनी चष्म्यावरून बघितलं. "त्या आवाजाचा नमुना उरलाय का?"

उरला होता. इंजिनिअर मंडळी काहीही पुसत नाहीत, नुसती पुसलं म्हणतात. त्याने डबी जोडली आणि परीक्षकांसमोर सरकवली.

सगळे वाट बघू लागले. डबी गप्प. परीक्षक सकाळपासून तीन प्रकल्प तपासून आले होते. त्यांनी घड्याळात बघितलं आणि नकळत एक लांब उसासा सोडला.

"दमलीस ना गं?" डबी हळूच म्हणाली. "ये. बस माझ्याजवळ. बूट काढ आधी."

खोलीत टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. टाचणी पडली नाही. बुटाची नाडी सुटल्याचा आवाज मात्र सगळ्यांनी ऐकला.

प्रकल्प वाचला, ताईची नोकरीही. अट एकच. मंडळींना आता सगळी वाक्यं पाठ झाली होती, तेव्हा नवा, ताजा माल हवा. "रोज दुपारी घरी जा आणि मुलीशी बोला," कुलगुरू म्हणाले. "हेच तुमचं काम समजा."

लेकीजवळ बसायचं आणि वर पगार! ताई घरी गेली ती जमिनीपासून चार बोटं वरून. विद्यापीठाने दिलेला चकचकीत रेकॉर्डर टेबलावर मांडला, घसा साफ केला आणि भिंगरीला समोर बसवलं. भिंगरीने शांतपणे बुटाचं टोक तोंडात घातलं.

"बाळा," ताई रेकॉर्डरकडे तोंड करून मंजूळ स्वरात म्हणाली, "पादत्राण हे खाण्याची वस्तू नव्हे, असं तुला वाटत नाही का?"

भिंगरीने बूट बाहेर काढला. आईकडे बघितलं, रेकॉर्डरकडे बघितलं, पुन्हा आईकडे बघितलं. तिचा खालचा ओठ थरथरला.

"आई," ती म्हणाली, "नीट ओरड ना!"