मेलेल्या राजांचे कर्णिक

राजा जिवंत असेल तर कर्णिकांना त्याच्यात काडीचाही रस नसतो. हॉलंडमधल्या झूटरमेरच्या आमच्या इमारतीत ते वरच्या मजल्यावर एकटेच राहतात. नोकरी आयटीची, नाद जुन्या रोमन नाण्यांचा. त्यातही फक्त सम्राट मेल्यावर पाडलेली ब्राँझची नाणी, काळी पडलेली, अंगठ्याच्या नखाएवढी.

माझ्या मुलीच्या वाढदिवसाला या गृहस्थांनी केक कापायच्या आधी खिशातून एक नाणं काढून तिच्यापुढे धरलं. "मेलेला आहे बरं का!" मुलीने आईला डचमध्ये विचारलं, हे काका घरी कधी जाणार? त्या दिवसापासून बायको त्यांना 'सुतकी' म्हणते.

"चेहरा सोडा हो. पक्षी बघा, पक्षी!" हे त्यांचं पालुपद. नाण्याच्या मागे गरुड असतो. बाप गेला की गादीवर बसलेला मुलगा असं नाणं पाडायचा. बाप देव झाला, गरुडाने त्याला वर नेलं. "मुलगा असावा तर असा," कर्णिक दर वेळी म्हणत. एकदा कंटाळून मी चिमटा काढला, "आणि पक्षी आलाच नाही तर?"

त्यांनी हातातलं नाणं खिशात ठेवलं. मग म्हणाले, "नाहीच आला."

वडील ठाण्यात गेले तेव्हा यांचं इथल्या रहिवासाचं परमिट-कार्ड रिन्यूअलला अडकलेलं. "गेलो असतो तर परत येता आलं नसतं. नाही गेलो." दहाव्याला धाकट्या भावाने फोन पिंडापाशी धरला. कावळा शिवेना. कर्णिक इथून ओरडत होते, "बाबा, कार्ड आलं की येतो!" शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. "गवताचा हो!" ते म्हणाले. मला माझीच लाज वाटली.

यंदा सर्वपित्रीला त्यांनी मला बाल्कनीत बोलावलं. कठड्यावर कागदी बशीत भात, शेजारी गरुडाचं नाणं. समोरच्या छपरावर तीन कावळे. आम्ही तासभर उभे होतो.

"बाबा, चुकलं माझं," कर्णिक हळूच म्हणाले. कावळे उडून गेले.

तेवढ्यात मासे खाऊन माजलेला एक धिप्पाड सीगल आला, भात फस्त केला, नाण्याला चोच मारली आणि गेला.

कर्णिक माझ्याकडे वळले. "हा चालतो का हो?"

मला कुठलं शास्त्र ठाऊक? "चालतो," मी म्हणालो.

"चालेल," ते रडत रडत म्हणाले. "बाबांना मासे फार आवडायचे."