माळावरचं एकुलतं एक झाड

नोरीनला लग्नाचं विचारायला सिरिल प्लंकेटने मेंढ्यांच्या पाण्याचं कुंड निवडलं, ते तिथे मर्व्ह नसेल या भरवशावर. मर्व्ह त्याचा शाळेपासूनचा दोस्त आणि नोरीनचा भाऊ. दोघं भावंडं मिळून मेंढ्यांचं अफाट कुरण सांभाळत. पण निघायच्या वेळी पाहतो तर गाडी चालवायला मर्व्हच बसलेला, आणि मागे बिस्किट नावाचं कुत्रं.

सिरिलचं ॲडलेडला बुटांचं दुकान. माणूस ताडमाड, पण काळीज चिमणीचं. सुट्टीला इथे कुरणावर आल्यापासून त्याला धक्क्यांवर धक्के बसत होते. संडासात बेडूक, बुटात विंचू आणि न्याहारीच्या वेळी खिडकीतून आत डोकावणारा माणसाएवढा एमू पक्षी. "टोस्ट दे त्याला, नाहीतर टोपी खाईल तुझी," नोरीन शांतपणे म्हणाली होती. मर्व्हने तर पहिल्याच दिवशी धडा दिला होता, "साप दिसला की पुतळा हो. जागचं हलायचं नाही!" सिरिलने तो धडा अगदी घोकून ठेवला होता.

उद्या त्याला परत जायचं होतं. आज विचारलं नाही तर पुढच्या वर्षाशिवाय मुहूर्त नव्हता.

कुंडापाशी मर्व्ह वाकून नळ बघू लागला. नोरीन गुडघ्यांवर बसून एका लंगड्या मेंढीचा खूर तपासत होती. सिरिलने घसा खाकरला.

"नोरीन, मला तुला एक..."

तेवढ्यात बिस्किटने झुडपात नाक खुपसलं आणि आतून पाच फुटी घोरपड सुसाट बाहेर पडली. घाबरलेली घोरपड झाड शोधते. इथे चहूकडे तव्यासारखा सपाट माळ, आणि त्यावर उंच असा एकटा सिरिल.

"आडवा हो!" नोरीन किंचाळली. "सिरिल, जमिनीवर पड!"

सिरिलला मात्र घोकलेलाच धडा आठवला. तो पुतळा झाला. घोरपड विजारीवरून सदऱ्यावर, सदऱ्यावरून खांद्यावर आणि तिथून थेट टोपीवर जाऊन बसली.

"अरे लेका, पुतळा सापासाठी!" मर्व्ह ओरडला. "घोरपडीला आडवं व्हायचं असतं!"

"हे आधी का नाही सांगितलंस?" सिरिल ओठ न हलवता म्हणाला.

"आधी घोरपड कुठे होती?"

कुत्रं जितकं भुंके, तितकी तिची पकड घट्ट होई. शेवटी नोरीनने बिस्किटला गाडीत कोंडलं आणि दोघं भावंडं लांब जाऊन उभी राहिली. बऱ्याच वेळाने घोरपडबाई सावकाश उतरल्या आणि मागे वळूनही न पाहता चालत्या झाल्या.

सिरिलच्या सदऱ्याच्या चिंध्या झाल्या होत्या. नोरीन ओरखड्यांना औषध लावू लागली.

"एवढा धीराचा माणूस मी पाहिला नाही. पळाला नाहीस!"

नुसतं 'हं' म्हटलं असतं तरी काम फत्ते होतं. पण सिरिलला खोटं बोलणं जमत नसे.

"धीर कसला, नोरीन? पाय उचललेच गेले नाहीत. उचलले असते तर एव्हाना ॲडलेडला पोचलो असतो."

मर्व्ह पोट धरून खाली बसला. नोरीन हसली नाही.

"माझ्या पहिल्या नवऱ्याचे पाय पटकन उचलले गेले," ती पट्टी बांधत म्हणाली. "पहिल्याच उन्हाळ्यात पळाला. मला न पळणारा हवाय. मग तो धीराने थांबो की भीतीने, मला काय त्याचं? बोल, मघाशी काय विचारत होतास?"

सिरिल अजून पुतळ्यासारखा ताठ उभाच होता. त्याने तोंड उघडलं. आता जीभही उचलेना.

"लग्नाचं विचारतोय तो," मर्व्ह डोळे पुसत म्हणाला.

"कळलंय मला. आणि मी हो म्हटलंय," नोरीन म्हणाली. "मर्व्ह, आता तरी त्याला आडवा कर."