सहा एअरबॅगा आणि तीन किलो पीठ

आपल्याला मूल होणार असं कळल्यावर माणसं आनंदाने उड्या मारतात, चार ठिकाणी फोन करतात. खबरदारने आधी बाजारात जाऊन मोजमापाची टेप आणली.

खबरदार हे काही त्याचं खरं नाव नव्हे. तो विमा कंपनीत अपघातांचे दावे तपासायचा. बारा वर्षं सकाळी दहा ते संध्याकाळी सहा चेपलेल्या दारांचे आणि फुटलेल्या काचांचे फोटो बघून त्याचा जगावरचा विश्वास उडाला होता. कुणी खुर्ची मागे रेलली, कुणी जिन्यात फोन काढला, की हा टेबलावरून ओरडायचा, "खबरदार!" पुढे ऑफिसने तेच नाव त्याला चिकटवलं. शिपाईसुद्धा "खबरदारसाहेब, सही" असं म्हणायचा आणि हा मुकाट्याने सही करायचा.

तर घरात एक छोटी गाडी होती. नवरा-बायकोने पुढे बसावं, मागे भाजीची पिशवी ठेवावी, एवढीच तिची ऐपत. खबरदारने ती विकून टाकली आणि जाहीर केलं, "आता मोठी गाडी. एसयूव्ही. सहा एअरबॅगा, उंच बसायला, ऐसपैस डिकी."

त्याची बायको शाळेत पी.टी. शिकवायची. सातशे पोरांना एका शिट्टीत रांगेत उभं करणारी बाई. ती म्हणाली, "अहो, प्रसूतिगृह मागच्या गल्लीत आहे. पायी सात मिनिटं. गाडीने एकेरी रस्त्याचा वळसा घेऊन अठरा."

"आणि पुढची वीस वर्षं? शाळा? क्लास?"

"अजून आठवा महिना चालू आहे," बायको म्हणाली. "क्लास जरा नंतर लावू."

पण खबरदारने तक्ता करायला घेतला होता. छत्तीस रकाने. ब्रेकपासून कपहोल्डरपर्यंत. (बाळाला कप लागणार नाही हे त्याला माहीत होतं, पण रकाना मोकळा ठेवणं त्याच्या स्वभावात नव्हतं.) तीन गाड्या शेवटच्या फेरीत आल्या आणि मग त्याला मूळ अडचण कळली. गाडी बाळासाठी घ्यायची, पण बाळ अजून यायचं होतं. बाळाची सीट तपासायची कशी?

स्वयंपाकघरात पिठाची तीन किलोची पिशवी होती. नवजात बाळाचं वजन साधारण तेवढंच. त्याने ती टॉवेलात गुंडाळली, वरून लोकरीची टोपी घातली आणि सासरेबुवांना घेऊन शोरूम गाठली.

सासरेबुवा म्हणजे निवृत्त बसड्रायव्हर. एकतीस वर्षांत एक ओरखडा नाही. लेकीच्या बाळंतपणासाठी मुक्कामाला आले होते आणि जावयाच्या हातात स्टिअरिंग दिसलं की देवाचं नाव घ्यायचे.

शोरूममधली विक्रेती हसतमुख होती. टॉवेलातली टोपी बघून तिचा चेहरा फुलला.

"अय्या, किती शांत आहे हो!"

"हो, त्रास काहीच नाही," खबरदार टेप काढत म्हणाला.

"केवढं झालं?"

"बरोब्बर तीन किलो. घरून मोजून आणलंय."

"कधीचं?"

"गेल्या शनिवारचं. तीन महिने टिकतं म्हणे."

विक्रेतीचं हसू जरा ओघळलं. "पहिलंच का?"

"नाही, आधीचं एक होतं. पण त्यात किडे निघाले. बायकोने फेकून दिलं."

विक्रेती दोन पावलं मागे सरकली. खबरदारला वाटलं, बाई मोजायला जागा करून देतेय. त्याने गाडीची रुंदी मोजली, डिकीची खोली मोजली, सासरेबुवांना मागे बसवून त्यांच्या गुडघ्यापासून पुढच्या सीटपर्यंतचं अंतर मोजलं. गाडी चालू करून एसी पूर्ण सोडला. (रकाना एकोणीस: थंड व्हायला लागणारा वेळ.) मग टोपीवाली पिशवी बाळाच्या सीटमध्ये घातली, पट्टे आवळले, आणि पट्टे खरोखर धरतात का हे बघायला आख्खी सीट उचलून उलटी केली. खाली डोकं, वर पाय. आणि गदागदा हलवली.

शोरूममध्ये कुणाच्या तरी हातातला कप पडला.

"खबरदार!" मॅनेजर केबिनमधून ओरडत धावला.

"ओ," खबरदार सवयीने म्हणाला. त्याला आश्चर्य वाटलं ते एवढंच, की आपलं नाव इथपर्यंत कसं पोचलं.

"सोडा त्याला!"

"सुटत नाहीये, तेच तर बघतोय! उत्तम पट्टा आहे!"

मॅनेजरने टॉवेलाचं एक टोक धरलं. खबरदारने दुसरं. एकानं ओढलं बाळ वाचवायला, दुसऱ्यानं ओढलं पीठ वाचवायला. मागे बसलेले सासरेबुवा "अहो, फाटेल, फाटेल" म्हणत होते, त्यावर विक्रेतीने किंकाळी फोडली. आणि पिशवी फाटली. तीही बरोबर एसीच्या झोतासमोर.

पुढे मिनिटभर कुणाला काही दिसलं नाही. धुरळा बसला तेव्हा मॅनेजर पांढरा होता, गाडीची काळी सीट पांढरी होती, आणि सासरेबुवा पुतळ्यासारखे निश्चल बसून फक्त पापण्या हलवत होते.

"पीठ आहे," खबरदार म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

विक्रेती आधी रडली आणि मग खाली बसून पोट धरून हसली. मॅनेजर मात्र हसला नाही. त्याने भुवयांवरचं पीठ झटकलं आणि गाडीकडे बघितलं. खबरदारनेही बघितलं. उरलेल्या दोन शोरूमा राहिल्या, तक्ता राहिला, छत्तीस रकाने राहिले.

"हीच घेतो," तो पुटपुटला.

पाच महिने अभ्यास करून खबरदारने गाडी निवडली ती अशी.

गाडी साफसूफ होऊन तीन आठवड्यांनी मिळाली. सकाळी दहाला खबरदार ती घेऊन घरी आला. रस्त्यात लोक वळून बघत होते. (ताशी पंधराच्या वेगाने जाणाऱ्या गाडीकडे लोक बघतातच. मागे अडकलेले तर फारच.) इमारतीच्या तळाला, भिंतीकडे तोंड करून, दोन रुंद खांबांमध्ये त्याची जागा होती. त्याने सावकाश, इंच इंच करत गाडी आत घेतली, इंजिन बंद केलं, समाधानाने सुस्कारा सोडला आणि दार उघडलं.

दार चार बोटं उघडलं आणि खांबाला टेकलं.

पलीकडचं दारही चार बोटं. मागची दोन्ही तशीच. टेप घेऊन हिंडणाऱ्या या माणसाने गाडीतला कपहोल्डरसुद्धा मोजला होता. मोजले नव्हते ते स्वतःच्या घराखालचे दोन खांब.

त्याने हॉर्न दिला. सासरेबुवा जिना उतरून आले, सगळा प्रकार बघितला आणि त्यांच्या चेहऱ्यावर एकतीस वर्षांचं तेज परत आलं. "घाबरू नका जावईबापू! मी मागे उभा राहतो. मी सांगेन तसं मागे घ्या. येऊ द्या... येऊ द्या..."

खबरदारने गाडी मागे घेतली. टूं टूं टूं! गाडी कचकन थांबली. पडद्यावर लाल अक्षरं आली: मागे व्यक्ती आहे.

"येऊ द्या!"

टूं टूं टूं! कचकन.

"बाबा, बाजूला व्हा!" खबरदार काच खाली करून ओरडला. "गाडीला तुम्ही दिसताय!"

"दिसायलाच पाहिजे! म्हणून तर उभा आहे!"

"तुम्ही दिसलात की ती आपोआप ब्रेक लावते!"

"लावू द्या की. मी बाजूला झालो तर तुम्हाला मागचं सांगणार कोण?"

तेवढ्यात जिन्यातून बायको उतरली. एका हातात बॅग, दुसरा हात कमरेवर.

"अहो," ती शांतपणे म्हणाली, "सुरू झालंय. दहा-दहा मिनिटांनी येतायत कळा."

"बस! गाडीत बस! आत्ता निघतो!"

बायकोने गाडीकडे बघितलं. खांबांकडे बघितलं. चार बोटांच्या फटीतून दिसणाऱ्या नवऱ्याच्या नाकाकडे बघितलं. "कुठून बसू?"

"बाबा, बाजूला व्हा!"

"तुम्ही आधी स्टिअरिंग सरळ करा!"

"असं करा," बायको म्हणाली, "तुम्ही दोघं ठरवा. मी जाऊन येते." आणि बॅग खाली ठेवून, भाजी आणायला निघाल्यासारखी, ती चालू लागली. सासरेबुवा क्षणभर जावयाकडे बघत राहिले, क्षणभर लेकीकडे, मग "अगं थांब, मी आलो" म्हणत तिच्यामागे पळाले.

आता मागे कुणी नव्हतं. खबरदारने घाईघाईने गाडी मागे घेतली. टूं टूं टूं! कचकन. मागे अडथळा आहे.

बॅग. झबली-टोपडी, दुपटी आणि दवाखान्याची फाइल असलेली बॅग गाडीच्या बरोब्बर मागे उभी होती.

त्याने सासऱ्यांना फोन लावला. बंद. (दवाखान्यात फोन बंद ठेवावा अशी पाटी दिसली, की सासरेबुवा ती अक्षरशः पाळत.) मग तो सीटवरून मागे चढला, तिथून डिकीत कोसळला आणि आतून झाकण चाचपू लागला. कडी नाही, खिट्टी नाही. आरडाओरडा केला. इमारतीतले लोक कामावर गेलेले. पहिल्या मजल्यावरच्या आजोबांना फक्त डाव्या कानाने ऐकू यायचं, आणि तो कान बहुधा रस्त्याच्या बाजूला होता. तासभर तो समोरून डिकीत आणि डिकीतून समोर जात राहिला. काचेतून निघायचा प्रयत्नही झाला, पण डोकं गेलं आणि पोट म्हणालं, मी इथेच बरं.

शेवटी घामाघूम होऊन तो डिकीत मांडी घालून बसला. सहा एअरबॅगा, आठ सेन्सर, चार कॅमेरे. शहरातल्या सगळ्यात सुरक्षित गाडीत तो एकटा बसला होता, आणि जिच्यासाठी गाडी घेतली ती कळा सोसत पायी रस्ता ओलांडून गेली होती. बारा वर्षं त्याने दुसऱ्यांचे अपघात वाचले होते. मोठ्यांदा काही न आपटता, काचसुद्धा न फुटता इतकी भीती वाटू शकते, हे एकाही फाइलमध्ये लिहिलेलं नव्हतं. त्याचे डोळे भरून आले.

मग त्याने शोरूमला फोन केला.

"मॅडम, मी... पीठवाला."

"बोला सर!" विक्रेतीने लगेच ओळखलं.

"मी डिकीत आहे. आतून उघडत कशी नाही ही?"

"डिकीत?" पलीकडे विक्रेतीने हसू आवरलं. "सर, किल्ली कुठे आहे?"

"हातात."

"तिच्यावर तिसरं बटण आहे बघा. जरा दाबून धरा."

खबरदारने दाबून धरलं. झाकण एखाद्या दरबारी सेवकासारखं अदबीने वर गेलं.

तो बाहेर पडला, बॅग उचलली आणि पळत सुटला. एकेरी रस्ता, वळसा, ताशी पंधराचा वेग, सगळं विसरून, वाटेतल्या कुत्र्याला चुकवत आणि एका सायकलवाल्याच्या शिव्या खात, सात मिनिटांची वाट त्याने तीन मिनिटांत कापली. पहिलं मूल वेळ घेतं असं सगळे सांगतात. पण हे मूल पी.टी.च्या बाईंचं होतं. प्रसूतिगृहाचा जिना चढतानाच त्याला वरून रडण्याचा आवाज ऐकू आला. बारीक, पण शिट्टीसारखा खणखणीत.

दारात नर्सने त्याला अडवलं. तिने आधी त्याच्या हातातली किल्ली बघितली, मग खांद्यावरची बॅग, मग चुरगळलेला शर्ट आणि गुडघ्यांना लागलेला काळा डाग.

"ड्रायव्हर ना? बॅग इथे ठेवा. ड्रायव्हर लोकांनी खाली थांबायचं."

खबरदारला धाप लागली होती. तोंडातून "मी... मी..." यापलीकडे काही निघेना. तेवढ्यात आतून सासरेबुवा आले. दोन्ही हातांत दुपट्यात गुंडाळलेली, मिटल्या मुठींची, लालबुंद नात. त्यांच्या मागून बायकोचा दमलेला, हसरा आवाज आला, "आले का हो? गाडीने आले की पायी?"

"सिस्टर, काहीतरीच काय बोलता!" सासरेबुवा दुखावल्यासारखे नर्सला म्हणाले. "याला कोण ड्रायव्हर म्हणेल? हा नुसता बाप आहे. येऊ द्या आत."