उत्तमापासून कुबटापर्यंत

अंताजीपंत फणसळकर सकाळची संध्या आटोपून ठाण्याच्या नौपाड्यातल्या आपल्या ओटीवर सुपारी कातरत बसले होते. तेवढ्यात खाडीपलीकडच्या कळव्याहून गुणाजी आगरी तरातरा चालत आला आणि रामराम न करताच त्यानं तोंड सोडलं.

"पंत, तुमच्या सायबाला आवरा! माजी म्हैस आटली!"

"साहेबांनी काय केलं तिला?"

"बोलला ना तो! दावणीपाशी हुबा रायला न् बोलला, 'उत्तम म्हैस, फार सुंदर म्हैस.' तीन येला बोलला! दुसरे दिशी एक थेंब नाय!"

हा साहेब म्हणजे डॉबसन साहेब. विलायतेहून नुकताच ठाणे जिल्ह्यात आलेला कोवळा अंमलदार. त्याला सरकारी नियमाप्रमाणे मराठीची परीक्षा द्यायची होती आणि शाळेतली मास्तरकी सांभाळून पंत त्याला रोज सकाळी शिकवत. पंतांची जीभ इतकी गोड की कारल्यालासुद्धा ते 'किंचित तुरट' म्हणत. साहेबाला त्यांनी उत्तम, सुंदर, सुरेख, अप्रतिम असे झाडून सगळे गोड शब्द शिकवले. वाईट एकही नाही. एकदा शिकवला की साहेब तो आधी मास्तरावरच चालवून पाहील, अशी त्यांना धास्ती होती.

"अरे गुणाजी, दृष्टबिष्ट सगळं थोतांड. वैरण बदलून बघ."

पण कळव्याला हे कोण सांगणार? पुढच्याच आठवड्यात साहेबानं एका तान्ह्या पोराला 'किती सुंदर बाळ!' म्हटलं आणि पोर तापानं फणफणलं. मग काय विचारता! साहेबाचा घोडा दिसला की आया पोरांना पदराखाली घेत, गुरं आत हाकलली जात, वेलावरच्या भोपळ्यांवर गोणपाट पडे. साहेब गाव पाहायला जाई आणि बंद दारं पाहून परत येई.

"पंत," एके दिवशी तो लालबुंद होऊन म्हणाला, "मी चांगलं बोलतो आणि लोक पळतात. म्हणजे तुमचं मराठी खोटं आहे. असल्या मास्तराची शिफारस मी कशी करू?"

कल्याणच्या शाळेतली मुख्य मास्तरांची जागा रिकामी झाली होती. तिच्यावर पंतांचा दहा वर्षांपासून डोळा होता, आणि ती मिळणं न मिळणं या साहेबाच्या पत्रावर होतं. घरी येऊन त्यांनी सगळं गोदाबाईंच्या कानावर घातलं.

"इश्श! एवढंच ना?" तांदूळ निवडता निवडता गोदाबाई म्हणाल्या. "तान्ह्या मुलाला कुणी सुंदर म्हणतं का? 'मेलं काय माकड आहे' म्हणावं. शिकवा त्यांना वाईट शब्द."

"अगं, पण मला कुठे येतात?"

"माझ्याकडून घ्या. लग्नाला चोवीस वर्षं झाली. तोंडापर्यंत आलेले सगळे गिळून ठेवलेत."

पंत टाक घेऊन बसले. गोदाबाई सांगू लागल्या, आणि दारात पाटी टेकून भाजीवाली ठमाबाईही मदतीला बसली.

"खोबरं खवट, कपडा कुबट, पाणी मचूळ, भांडं ओशट. एकाचा शब्द दुसऱ्याला लावायचा नाही हो!"

"न् पापड वातड," ठमाबाई म्हणाली. "त्यो राह्यला."

"आणि माणूस गबाळा, मेंगळट, वेंधळा..." हे सांगताना गोदाबाईंनी पंतांकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

दुसऱ्या दिवशी पंतांनी साहेबाला चालरीत समजावली. साहेब टाळी वाजवून म्हणाला, "म्हणजे प्रेम जितकं मोठं, तितका शब्द वाईट?"

"तसंच म्हणा ना," पंत म्हणाले.

महिनाभर घोकंपट्टी करून साहेब कळव्याला गेला. गुणाजीच्या दावणीपाशी उभा राहून गरजला, "शी! काय ही रोडकी, बेंगरूळ म्हैस!" गुणाजीच्या डोळ्यांत पाणी तरळलं. तापातून उठलेल्या पोराला 'शेंबडं, हेंगाडं' म्हटल्याबरोबर आईनं ते साहेबाच्या हातातच दिलं. गावानं मानाचा नारळ दिला. साहेबानं तो हुंगला आणि प्रेमभरानं म्हणाला, "खवट!" सगळा गाव खूश झाला. म्हैसही पुन्हा दूध देऊ लागली. गुणाजीनं मधल्या काळात वैरण बदलली होती, पण ते कुणी लक्षात घेतलं नाही.

साहेब परीक्षा पास झाला आणि लगेच त्याची खानदेशात बदली झाली. निरोप घेताना त्यानं पंतांचा हात घट्ट धरला.

"पंत, तुमचं शिफारसपत्र शाळाखात्याच्या डिप्टींकडे पाठवलं. मुद्दाम मराठीत लिहिलं. अगदी प्रेमानं!"

पंतांनी तीनदा आभार मानले. मासुंद्याच्या तळ्यापर्यंत आल्यावर त्यांना त्या प्रेमाचा अर्थ उमगला आणि ते तिथेच पायरीवर मटकन बसले.

आठवड्यानं कल्याणला डिप्टींनी बोलावलं. हे डिप्टी रावसाहेब मोठे कडक गृहस्थ. चष्मा नाकावर सरकवून त्यांनी पत्र मोठ्यानं वाचलं. "'अंताजीपंत हा अत्यंत गबाळा आणि मेंगळट मनुष्य आहे. त्याची पगडी कळकट, अंगरखा कुबट. त्याच्या घरचं पाणी मचूळ आहे. असा कुचकामी मास्तर मी दुसरा पाहिला नाही. त्याला सोडून जाताना मला रडू येतं.'"

"रावसाहेब, त्याचं असं झालं की..."

"थांबा. हे साहेबानं स्वतः लिहिलं? कुणी सांगितलं नाही?"

"नाही. स्वतःच," पंत कसेबसे म्हणाले. दहा वर्षांची आशा संपली असं त्यांनी धरलं.

रावसाहेबांनी पत्रावर बोट ठेवलं. "अंगरख्याला कुबट. पाण्याला मचूळ. अहो, माझे जुने मास्तर अंगरख्याला खवट लिहितात! वर्षभराच्या आत एका साहेबाला हे शिकवलं कुणी?"

"मीच. म्हणजे, थोडं आमच्या घरातूनही..."

रावसाहेब पुढचं ऐकतच नव्हते. त्यांनी टाक उचलला आणि लिहिता लिहिता वाचू लागले, "अंताजीपंत फणसळकर, अत्यंत उत्तम शिक्षक, यांना कल्याणच्या शाळेवर मुख्य मास्तर म्हणून..."

पंत चटकन पुढे झाले. "रावसाहेब! एवढी विनंती. उत्तम नको!"

"मग काय लिहू?"

"बरा लिहा. जमलं तर थोडं खालचंच."

रावसाहेबांनी त्यांच्याकडे चष्म्यावरून पाहिलं, मग 'अत्यंत उत्तम' खोडून 'कामचलाऊ' लिहिलं आणि खाली सही ठोकली.

"आता कसं बरं वाटलं!" पंत म्हणाले, आणि हुकूम छातीशी धरून घराकडे निघाले.